मांजर की कुत्रा: खाण्याचा खर्च कोणाचा जास्त?

४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, २५ किलोच्या लॅब्राडॉरला ३२० ग्रॅम. मांजराचं किलोला ४०० आणि कुत्र्याचं ३०० रुपये धरलं, तर महिन्याला मांजर ७२० रुपयांत भागतं, कुत्र्याला २,८८० लागतात. पण वजनाच्या किलोमागे मांजरच महाग: १८० विरुद्ध ११५ रुपये.

मांजराला ओल्या खाण्याच्या पाऊचवर नेलंत की गणित उलटतं. ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये बरंचसं पाणीच असतं. पोट भरायला दिवसाला तीन लागतात. ४५ रुपयांचा एक, म्हणजे महिन्याला ४,०५०. लॅब्राडॉरपेक्षा जास्त!

कुत्र्याचा खर्च घरच्या भात-चिकनने कमी होतो, कारण त्याला पिष्ट पचतं. मात्र कांदा-लसूण अजिबात नको, आणि बिनहाडाच्या चिकनमधून कॅल्शियम पुरेसं मिळत नाही, ते पशुवैद्याला विचारून वेगळं द्यावं. मांजराला दूध-पोळीवर ठेवणं ही काटकसर नाही, हाल आहेत. त्याला टॉरिन (मांसात असणारं एक पोषकद्रव्य) खाण्यातूनच मिळावं लागतं; ते कमी पडलं की हृदय आणि डोळे बिघडतात. म्हणून कुत्र्याचं स्वस्त खाणं मांजराला कायमचं घालू नये. ब्रँड बदलायचा तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत. मांजर रुसून दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर यकृतावर चरबी साचते.