गरोदरपणातला संसर्ग आणि वनस्पतींची अँटिऑक्सिडंट्स: ताटातून की कॅप्सूलमधून?

गरोदरपणात आईला संसर्ग झाला तरी वनस्पतींच्या अँटिऑक्सिडंट्सच्या कॅप्सूल बाळाचा मेंदू वाचवतात, असा जाहिरातींचा दावा असतो. आधी पुरावा पाहू, कारण त्या जाहिराती त्यावरच उभ्या आहेत. आईला संसर्ग झाला की तिच्या रक्तात इंटरल्युकिन-6 हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन वाढतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत गाभण उंदरिणींना मध्यावर, म्हणजे 12.5 व्या दिवशी, इंटरल्युकिन-6 चं एकच इंजेक्शन दिलं. विषाणू कुठेच नव्हता, तरी पिल्लांचं वागणं बदललं. 2009 मध्ये ल्युटिओलिन आणि डायोस्मिन या फ्लेव्होनॉइड्सनी (वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांनी) उंदरांत तोच परिणाम कमी केला. ब्रोकोलीतल्या ग्लुकोराफॅनिन या द्रव्याचा जपानमधला 2018 चा उंदरांवरचाच प्रयोग मात्र नीट वाचावा: तिथे ते गाभण मादीला नव्हे, पिल्लांना किशोरवयात खायला दिलं होतं. माणसांत अशा कॅप्सूलमुळे बाळाचा मेंदू वाचल्याचं सिद्ध झालेलं नाही.

ब्रोकोली की सल्फोराफेन कॅप्सूल? ब्रोकोलीच घ्या. ती चिरली की मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोराफॅनिनचं सल्फोराफेन करतं. उकळली की विकर मरतं. म्हणून चिरून 40 मिनिटं ठेवा, मग 3–4 मिनिटं वाफवा. वेळ नसेल तर शिजल्यावर वरून चिमूटभर मोहरीपूड घाला. मोहरीतलं हे विकर उष्णतेला जास्त टिकतं, पण फोडणीत तडतडलेल्या मोहरीकडून ती अपेक्षा नको. ब्रोकोलीच्या कोंबांत ग्लुकोराफॅनिन जास्त असतं, पण कच्च्या मोडांत साल्मोनेला आणि लिस्टेरिया वाढू शकतात. संसर्ग टाळायला निघालो आणि तोच ताटात वाढून घेतला, असं व्हायला नको.

हळद की कर्क्युमिन? हळदीत साधारण 3 टक्के कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य असतं, म्हणजे 3 ग्रॅमच्या चमचाभर हळदीत 90 मिलीग्रॅम. 95 टक्के अर्काच्या 500 मिलीग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये 475. वर अनेकदा पिपेरिन हे मिरीतलं द्रव्य घातलेलं असतं. ते इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. भाजी-वरणातली हळद चालू द्या, कॅप्सूल नको.

ग्रीन टी. इथे कपही मोजूनच. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून लोहाच्या गोळीपासून निदान तासभर लांब ठेवा. शेवटच्या तिमाहीत पॉलिफेनॉलचा (चहासारख्या पदार्थांतल्या अँटिऑक्सिडंट्सचा) भरपूर मारा झाल्यास गर्भाच्या हृदयाजवळची डक्टस आर्टेरिओसस ही रक्तवाहिनी आकुंचन पावल्याच्या नोंदी आहेत. अर्काच्या गोळ्या तर नकोतच: ईजीसीजी हे ग्रीन टीतलं मुख्य अँटिऑक्सिडंट दिवसाला 800 मिलीग्रॅम किंवा जास्त गेलं की रक्तात यकृताची विकरं वाढल्याचं, म्हणजे यकृतावर ताण आल्याचं, दिसलंय.

रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे द्राक्षांतलं अँटिऑक्सिडंट. द्राक्षं खा. गाभण माकडिणींना हे पूरक दिलं तेव्हा गर्भांचं स्वादुपिंड सुमारे 42 टक्के मोठं भरलं. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगावा.

डायोस्मिनची गोष्ट वेगळी. मूळव्याधीसाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर ते त्या कारणासाठीच घ्या. बाळाच्या मेंदूसाठी म्हणून डोस लांबवू नका.

पैसे खर्चायचेच असतील तर फ्लूची निष्क्रिय लस घ्या, ती कोणत्याही तिमाहीत चालते. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर हळदीच्या दुधावर रात्र काढू नका: डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या आणि तापाचं कारण शोधायला लघवी, मलेरिया, डेंग्यू तपासून घ्या. आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, 20 आठवड्यांनंतर तर मुळीच नाही.