एग फ्रीझिंगचा अनुभव: प्रयोगशाळा उत्तम, समुपदेशन अपुरे

वयाच्या ३४ व्या वर्षी मी माझी स्त्रीबीजे गोठवून घेतली. निर्णय घेण्यापूर्वी या विषयावर जे काही वाचायला मिळाले ते एक तर जाहिरातीच्या सुरात होते किंवा घाबरवणारे होते, म्हणून ज्या केंद्रात मी हे करून घेतले तिथल्या सेवेविषयी, केंद्राचे नाव न घेता, सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पाऊण तास दिला. रक्तातील एएमएच या संप्रेरकाची तपासणी आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या फॉलिकलची, म्हणजे ज्यांत बीजे वाढतात त्या इवल्या पिशव्यांची, मोजणी यांवरून अंडाशयात किती बीजे शिल्लक असावीत याचा अंदाज येतो, मात्र त्यांचा दर्जा कळत नाही, तो मुख्यतः वयावर अवलंबून असतो, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. स्त्रीची सगळी बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात आणि पेशीविभाजन अर्ध्यावर थांबलेल्या स्थितीत वर्षानुवर्षे वाट पाहतात. जितका काळ लोटतो तितकी गुणसूत्रांच्या वाटणीत चुका होण्याची शक्यता वाढते. पस्तिशीच्या आत गोठवावे असे का म्हणतात, ते मला त्या दिवशी नीट उमगले.

एकाच वेळी अनेक बीजे वाढावीत म्हणून द्यायची इंजेक्शने दहा दिवस चालली. ती पोटावर, त्वचेखाली, रोज ठरलेल्या वेळी स्वतःच घ्यायची असतात. तिथल्या परिचारिकेचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिने पहिले इंजेक्शन मला टोचले नाही. सिरिंज माझ्या हातात दिली, हवेचा बुडबुडा मलाच वर काढायला लावला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी घरी एकटीने इंजेक्शन घेताना माझा हात थरथरला नाही, तो त्यामुळेच. सहाव्या दिवसापासून बीजे वेळेआधी सुटू नयेत म्हणून आणखी एक इंजेक्शन सुरू झाले. पोट फुगले, चालताना जडपणा जाणवू लागला. अंडाशयांनी औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद दिला तर पोटात पाणी साठणे, वजन झपाट्याने वाढणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसू शकतात आणि तसे झाल्यास सकाळची वाट न पाहता फोन करायचा, हे मला लेखी दिलेले होते. एकदा रात्री उशिरा मी फोन केला, तेव्हा तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

शेवटचे, म्हणजे बीजे पक्व करणारे ‘ट्रिगर’, इंजेक्शन रात्री साडेदहाला घेतले आणि बरोबर ३६ तासांनी बीजे काढली. भूल दिलेली असल्याने काही कळले नाही. वीसेक मिनिटांचे काम होते आणि संध्याकाळी मी घरी होते.

खरा प्रश्न पुढचा आहे. शेवटच्या सोनोग्राफीत १४ फॉलिकल दिसत होते, प्रत्यक्षात ११ बीजे मिळाली आणि त्यांतली ८ परिपक्व निघाली. तेवढीच गोठवली गेली. भ्रूणतज्ज्ञ स्वतः बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या, हे मला फार मोलाचे वाटले. मानवी बीज ही शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक आणि पाण्याने भरलेली असते, सावकाश गोठवली तर आत बर्फाचे स्फटिक होऊन ती फाटते, म्हणून आता व्हिट्रिफिकेशनने तिला क्षणार्धात काचेसारखी घट्ट करून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, असे त्यांनी सांगितले. गोठवलेल्या बीजापासून पहिले बाळ १९८६ मध्ये जन्मले, तरी अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला तो २०१२ मध्ये, आणि त्यामागे हेच तंत्र होते.

पण १४ वरून ८ वर येण्याची आणि पुढेही चालूच राहणारी ही गळती त्या दिवशी ऐकण्याची नव्हती, पहिल्या दिवशी ऐकण्याची होती. वितळवल्यावर चांगल्या प्रयोगशाळेतही साधारण ८० ते ९० टक्के बीजे टिकतात. टिकलेल्यांत शुक्राणू थेट बीजात सोडून, म्हणजे इक्सी करून, फलन करावे लागते. फलित झालेल्या सगळ्यांचे भ्रूण होत नाहीत आणि प्रत्येक भ्रूण रुजत नाही. आठ बीजे म्हणजे आठ संधी नव्हेत. समुपदेशक मात्र प्रत्येक बैठकीत ‘विमा’ हाच शब्द वापरत होत्या. विम्यात ठरलेली रक्कम मिळण्याचे वचन असते. इथे तसे कोणतेही वचन नाही, आणि चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीला तो शब्द ऐकवणे मला अन्यायाचे वाटते. उशिरा राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका वाढतो, बीज तरुण असले म्हणून तो टळत नाही, याचाही उल्लेख मला कुणाच्या तोंडून ऐकू आला नाही. कर्करोगाच्या उपचारांपूर्वी ज्यांना बीजे जपायची आहेत त्यांच्या हाताशी वेळ थोडा असतो. त्यांना तर पहिल्याच भेटीत हे सगळे स्पष्ट सांगायला हवे.

दुसरी तक्रार संमतिपत्राची. अकरा पानांचा तो कागद शस्त्रक्रियेच्या सकाळी, हाताला सलाईनची सुई लावल्यानंतर, माझ्यापुढे ठेवला गेला. माझा मृत्यू झाल्यास या बीजांचे काय करायचे, असा प्रश्न नवव्या पानावर होता आणि त्यापुढे तीन चौकटी होत्या. मी पहिल्या चौकटीत खूण केली, कारण भूलतज्ज्ञ दारात उभे होते. आठवड्याने परत जाऊन मी ते पान बदलून मागितले. त्यांनी विनातक्रार नवे पान दिले आणि या वेळी घरी नेऊन वाचू दिले.