रोजच्या शेवेलच्या इंजिनात काय घालावं: पाच वर्षांचा अनुभव

माझी १९७० ची शेवरोले शेवेल मालिबू ही रविवारी कव्हर काढून फिरवायची गाडी नाही. फ्रीमाँटहून सॅन होजेला ऑफिसला मी तिनेच जाते, आठवड्याचे पाचही दिवस, ८८० फ्रीवेच्या गर्दीतून. गाडी जन्माने इथलीच. तिच्या चॅसिस नंबरात झेड आहे, म्हणजे ती जनरल मोटर्सच्या फ्रीमाँट कारखान्यातली. आज त्याच जागी टेस्लाच्या गाड्या बनतात. इंजिन ३५० घन इंचांचं, आपल्या हिशेबाने ५.७ लिटर, कार्बोरेटर दोन बॅरलचा, म्हणजे हवा आत घ्यायला दोन तोंडं असलेला. तेव्हाच्या कागदांवर २५० हॉर्सपॉवर लिहिलेत, पण त्या काळी इंजिन स्टँडवर, गाडीचा सायलेन्सर वगैरे न लावता मोजायचे, त्यामुळे आकडा फुगलेला.

या इंजिनाला काय लावलं, काय काढलं आणि काय विकत घेऊनही लावलं नाही, ते लिहिते. जुन्या गाडीसाठी सल्ला विचारला की लोक फक्त हॉर्सपॉवर सांगतात. रोजच्या गाडीला लागतो पिकअप. सिग्नलवरून सुटताना, फ्रीवेला शिरताना इंजिन २,००० ते ३,५०० आरपीएममध्ये असतं. ५,५०० ला काय मिळतं याचा मला महिन्यातून एकदाही उपयोग होत नाही.

हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. तेव्हा एका वर्कशॉपने मला मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घ्यायला लावला. आवाज असा की सिग्नलला उभी असताना अख्खी गाडी डुलायची. मला तो मनापासून आवडला होता, खोटं का बोलू. पण मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात आणि आयडलिंगला मॅनिफोल्डमधला (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम पडतो. माझा पाऱ्याच्या १८ इंचांवरून १० वर आला. पॉवर ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. एकदा मिलपिटासच्या उतारावर गर्दीत लागोपाठ दोनदा ब्रेक मारला आणि तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं लागलं. गाडी थांबली, पण घरी पोचेपर्यंत माझे पाय थरथरत होते.

चार महिन्यांत वरून टकटक सुरू झाली. व्हॉल्व्ह कव्हर उघडून क्रँक हाताने फिरवला, तर सात नंबरच्या सिलिंडरचा एक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा) जेमतेम हलत होता. कॅमचा तो लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, घासून जवळपास गोल झाला होता. या इंजिनातले टॅपेट, म्हणजे लोबवर टेकणारे तुकडे, सपाट तळाचे. नवा कॅम टाकल्यावर पहिल्यांदा सुरू करताना इंजिन २०-३० मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएमवर धरायचं असतं, तेही झिंक असलेल्या ऑइलवर, म्हणजे लोबवर तेल नीट उडतं आणि टॅपेट फिरत राहतात. वर्कशॉपने सुरू करून सरळ आयडलवर सोडलं होतं. मी शेजारीच उभी होते आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. तेलात लोखंडाचा चुरा गेला, इंजिन पूर्ण उघडून धुवावं लागलं.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं क्रँक ग्राइंडिंग करत होते. व्हिडिओ कॉलवर कॅम दाखवला. आण्णांनी चष्मा वर केला, म्हणाले, "पार खाल्लाय गं लोब. तुला रोज चालवायची हाय न्हवं? मग खालचा पिकअप बघ. वरचं सोड."

तसंच केलं. एडलब्रॉकचा परफॉर्मर इनटेक मॅनिफोल्ड, त्यांचाच त्याच्या जोडीचा छोटा कॅम (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह उघडे राहण्याचं ड्युरेशन २०४/२१४ अंश, उचलले जाण्याची लिफ्ट .४२० आणि .४४२ इंच) आणि १४०६ नंबरचा ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा घेणारा) चार बॅरलचा कार्बोरेटर, इलेक्ट्रिक चोकचा. हे तिन्ही मी डोळे मिटून पुन्हा घेईन. मॅनिफोल्ड आयडलपासून ५,५०० पर्यंतसाठीच बनवलाय, म्हणजे माझं सगळं जगणं त्यात आलं. व्हॅक्यूम पुन्हा १७ वर, ब्रेक पहिल्यासारखे. हलकी रेस दिली तर फक्त पुढचे दोन बॅरल चालतात, पेट्रोल जपून लागतं. पाय दाबला की मागचे दोन उघडतात आणि गाडी छातीत ढकलते.

१४०६ मधली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे मीटरिंग रॉड. कार्बोरेटर उतरवायचा नाही, उघडायचा नाही. वरचे दोन छोटे स्क्रू सैल करून पत्र्याची झाकणं बाजूला फिरवली की खालची स्प्रिंग पिस्टनला वर ढकलते आणि त्याला अडकवलेला सुईसारखा रॉड चिमटीत येतो. त्याच्या टोकाला दोन जाड्या असतात; बारीक भाग जेटमध्ये (पेट्रोलच्या भोकात) आला की पेट्रोल जास्त. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, डबा खाऊन झाल्यावर, मी तीन दिवसांत तीन जोड्या बदलून बघितल्या. एक पायरी रिच, म्हणजे जास्त पेट्रोल देणारी, जोडी बसली आणि मागचे बॅरल उघडताना येणारा झटका गेला.

टायमिंगवर, म्हणजे ठिणगी किती आधी पडावी यावर, पैसे जवळजवळ गेलेच नाहीत. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, सुरुवातीचं टायमिंग १२ अंश, ३,००० ला एकूण ३४. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (हलक्या रेसला ठिणगी आणखी आधी पाडणारी) नळी काढून बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रेसच्या गाडीचं ठीक आहे, रोजच्या गाडीचा अॅव्हरेज त्या नळीत असतो.

आणि ज्याला कोणी इंजिनाचं काम म्हणत नाही ते: गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने मागे ३.७३ चा डिफरन्शियल (शाफ्टचे ३.७३ फेरे, तेव्हा चाकाचा एक) बसवला होता. ताशी ६५ मैलांना इंजिन ३,१०० वर ओरडायचं. मी मूळचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक काढून जनरल मोटर्सचाच २००-४आर घातला, चौथा गिअर ०.६७ चा. तोच ६५ आता २,१०० वर. लांबी जुन्या बॉक्सइतकीच असल्याने शाफ्ट तोच चालला, क्रॉसमेंबर (बॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी) तेवढा मागे सरकवावा लागला. फक्त टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट लावा. या बॉक्समधलं तेलाचं प्रेशर त्या केबलवर ठरतं, आणि एडलब्रॉकच्या लिव्हरचा कोन जुन्या कार्बोरेटरसारखा नसल्याने त्यासाठीचं ब्रॅकेट लागतंच. ते न लावता चालवली तर बॉक्समधले क्लच जळतात. फ्रीवेवर मला गॅलनला ११ मैल मिळायचे, आता १६ मिळतात. आईशी स्पीकरवर बोलता येतं, हा फरक त्याहून मोठा.

हेड्स (सिलिंडरवरची झाकणं, ज्यांत व्हॉल्व्ह असतात) राहिले. १९९६ पासूनच्या पिकअप ट्रकमधल्या व्होर्टेक हेड्सची जोडी मी भंगारातून आणली आहे. पोर्ट सुंदर आहेत. पण चेंबर, म्हणजे पेट्रोल जळायची जागा, ६४ सीसीचं, माझं ७६ चं. लावले तर ९ चं कॉम्प्रेशन कागदावर १० च्या वर जातं, आणि कॅलिफोर्नियात पंपावर जास्तीत जास्त ९१ ऑक्टेन मिळतं. जुलैच्या दुपारी, एवढा छोटा कॅम, लोखंडी हेड, ८८० चा जाम: इंजिन नॉक करायची (पेट्रोल आपोआप पेटून ठोके पडायची) दाट शक्यता. शिवाय त्यांना मॅनिफोल्ड वेगळा लागतो, बोल्टच जुळत नाहीत, म्हणजे चांगला चाललेला परफॉर्मर काढून ठेवायचा.

गॅरेजमधल्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. एप्रिलमध्ये आण्णा येणार आहेत. व्हॉल्व्हच्या सीटवर अंगठा फिरवून ते काय म्हणतात ते ऐकायचं आहे.