पोडिएट्रीच्या कामाला २.५ पट लूप्स: वापरून पाहिल्यावर

इंग्लंडमध्ये पोडिएट्री, म्हणजे पायांच्या विकारांवरचे उपचार, हा नोंदणी लागणारा स्वतंत्र पेशा आहे, आणि नखांच्या शस्त्रक्रिया आम्ही स्थानिक भूल देऊन स्वतःच करतो. एका दिवसात माझ्या खुर्चीवर काय काय येतं ते आधी सांगते, कारण लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेल्या, मोठं दाखवणाऱ्या भिंगांच्या छोट्या नळ्या, निवडताना सगळा प्रश्न तिथेच असतो. बुरशी लागून जाडजूड झालेली नखं, तळपायाचं कुरूप, मांसात रुतलेलं अंगठ्याचं नख, मधुमेहाची जखम, आणि मधेच "पायात काच गेलीय बहुतेक" म्हणत लंगडत आलेलं कोणीतरी. दातांच्या डॉक्टरांचं काम तोंडाच्या छोट्या जागेत, जवळजवळ ठरलेल्या अंतरावर चालतं. आमचं तसं नाही. टाच, बोटांमधली बेचकी, घोट्याची कड, सगळ्याचा कोन वेगळा.

माझे लूप्स गॅलिलियन पद्धतीचे (मोजक्या भिंगांचे, हलके), २.५ पट, चष्म्याच्या काचेतच बसवलेले आहेत. कामाचं अंतर ४५ सेंटीमीटर, नाकावरच्या पुलावर छोटा एलईडी दिवा.

सगळ्यात जास्त फरक पडला तो नखाच्या शस्त्रक्रियेत. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भूल द्यायची, टर्निके (रक्त थांबवणारा घट्ट पट्टा) बांधायचा, रुतलेल्या कडेची पट्टी उभी चिरून काढायची. इथवर उघड्या डोळ्यांनीही जमतं. पण नख जिथून उगवतं तो मॅट्रिक्स कोपऱ्यात, त्वचेच्या घडीखाली, मागे वळलेला असतो. तिथे थोडाही जिवंत राहिला तर काही महिन्यांनी त्याच जागी टोकदार काटा उगवतो आणि रुग्ण परत येतो. लूप्समधून मी आधी काढलेल्या पट्टीचं मुळाकडचं टोक बघते: अखंड आलंय की फाटलंय. मग कोपरा कोरडा आहे का ते बघते, कारण रक्त राहिलं की फिनॉल, म्हणजे मॅट्रिक्स जाळून मारायचं रसायन, पातळ होतं आणि त्याचं काम अर्धवट राहतं. फिनॉल घासताना बाजूची चांगली कातडी पांढरी पडू लागली तर तेही लगेच दिसतं, ओघळ तिथल्या तिथे टिपता येतो. हे तीन क्षण स्पष्ट दिसावेत एवढ्यासाठीही मी हा खर्च पुन्हा करीन.

कुरूप आणि चामखीळ यांतला गोंधळ तर रोजचा. वरचा घट्टा १५ नंबरच्या पात्याने तासला की चामखिळीत बारीक काळे-लाल ठिपके दिसतात, त्या तिच्यातल्या केशवाहिन्या. आणि तळव्याच्या रेषा तिला वळसा घालून जातात. कुरुपात ठिपके नसतात, मधोमध अर्धपारदर्शक गाभा असतो. २.५ पट मोठं दिसलं की हे ओळखायला अंदाज लागत नाही, आणि गाभा काढताना पातं नेमकं कुठे थांबवायचं तेही कळतं. रंगीत डाग किंवा नखाखालची काळी पट्टी असेल तर मात्र लूप्सवर विसंबू नका. तिथे १० पटीचा डर्मोस्कोप (त्वचा तपासायचं दिव्याचं भिंग) हवा, आणि शंका राहिली तर रुग्णाला पुढे पाठवायलाच हवं.

मधुमेहाच्या जखमेबद्दल मला मनापासून सांगायचंय. तो पाय सुन्न असतो. पातं खोल गेलं तरी माणूस "आई गं" म्हणत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने सावध राहायचं काम आपल्या डोळ्यांचं. कडेचा मेलेला घट्टा कुठे संपतो, जिवंत त्वचा कुठे सुरू होते, कडेखाली जखम आत पोखरत गेलीय का, हे मोठं करून बघणं मी आता त्या रुग्णाचा हक्कच मानते. हाडापर्यंत पोचलीय का हे अर्थात प्रोबच्या, म्हणजे बोथट टोकाच्या सळईच्या, स्पर्शानेच कळतं. सोलापूरला माझा मामेभाऊ सर्जन आहे, अशा जखमांची ड्रेसिंग त्याच्याकडे रोज असतात, वर बाभळीचे काटे मोडून आत राहिलेले पाय. मी गेले तेव्हा त्याने माझे लूप्स घालून बघितले आणि संध्याकाळपर्यंत परत दिले नाहीत.

मग जास्त पट का नको? प्रिझ्मॅटिक (आत प्रिझम असलेले) ३.५ पट किंवा त्याहून मोठे मी घालून बघितले. मॅट्रिक्सचा कोपरा सुंदर दिसतो, पण टाचेची जखम एका नजरेत मावत नाही, पायाने जरा हालचाल केली की चित्र धूसर होतं, उजेड जास्त लागतो आणि नाकावर भार येतो. ज्यांचं काम फक्त शस्त्रक्रियेचं आहे त्यांनी जरूर घ्यावेत. माझ्यासारखी सरमिसळ असेल तर २.५ आणि चांगला दिवा हीच जोडी.

मानेबद्दल विक्रेते फार गोड बोलतात. लूप्सने मान आपोआप सरळ होत नाही. नळ्यांचा खालचा कल बरोबर असेल तरच होते. म्हणून माप देताना स्वतःच्या स्टुलावर बसा, रुग्णाची खुर्ची रोजच्या उंचीवर ठेवा आणि समोर खरा पाय असू द्या. माझं पहिलं माप विक्रेत्याने टेबलावरच्या कागदाकडे बघायला लावून घेतलं होतं. ते मी पुन्हा घ्यायला लावलं आणि अंतर बरंच बदललं.

तक्रारी आहेतच. नख घासायच्या ड्रिलची धूळ काचांवर बसते, म्हणून जाड नखांच्या वेळी लूप्स उतरवून साधा संरक्षक चष्मा घालते. ओल्या जखमेवर दिवा पूर्ण लावला तर चकाकी येते, मध्यम ठेवावा. मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबली नाही तर वाफ धरते. दिव्यासकट किंमत हजार पौंडांच्या वर गेली. चष्म्याचा नंबर बदलला तर अख्खा जोड कंपनीकडे पाठवावा लागतो. नंबर अजून स्थिर नसेल किंवा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली असेल, तर वर उचलता येणारे फ्लिप-अप घ्या: जरा जड असतात, नजरेचा आवाका कमी मिळतो, पण काच जवळच्या चष्मेवाल्याकडेही बदलून मिळू शकते आणि नळ्यांचा कल स्वतः जुळवता येतो. फक्त ते वर करताना हातमोज्याने हात लावायचा नाही. त्यासाठी पकडीवर बसणारं निर्जंतुक टोपण मागून घ्या.