“बॅड सेक्टर काढून देतो” म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

बाबांच्या डेस्कटॉपमधली 1 टीबीची हार्ड डिस्क रखडायला लागली होती. फोल्डर उघडता उघडत नव्हता, मध्येच विंडोज अडकायचं. तिच्यात सोसायटीचे हिशेब आणि ताईच्या लग्नाचे फोटो. बाबा डिस्क घेऊन जवळच्या दुकानात गेले. “काका, नवीन कशाला घेता? बूटेबल पेनड्राइव्हवरनं बॅड सेक्टर काढून देतो,” म्हणत दुकानदाराने ती ठेवून घेतली. (बॅड सेक्टर म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले, नीट वाचता न येणारे बारीक भाग; बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करता येतो तो.) परत देताना 1,800 रुपये घेतले, स्क्रीनवर हिरव्या चौकोनांच्या रांगा दाखवल्या. “आता पाच वर्षं बघायला नको.” आणि डेटा? “फॉरमॅट मारावाच लागतो.” हे आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मी घरी गेल्यावर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, जिथे डिस्कचे भाग दिसतात, आणि डोकंच फिरलं. सी आणि डी ड्राइव्हच्या मधोमध काळी पट्टी, अनअलोकेटेड, म्हणजे वापरात न घेतलेली जागा, जवळपास 70 जीबी. खराब पट्टा तसाच ठेवून त्याने दोन्ही बाजूंना पार्टिशन पाडली होती आणि स्कॅन तेवढ्याच भागावर फिरवला होता. मग सगळं हिरवं दिसणारच! डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये मात्र पिवळ्या रंगात ‘कॉशन’, म्हणजे धोक्याचा इशारा. त्यातल्या यादीत 05 म्हणजे बदललेले सेक्टर आणि सी5 म्हणजे वाचता न येणारे, बदलीची वाट पाहणारे सेक्टर. दोन्हींचे आकडे शून्याच्या कितीतरी वर.

बिघडलेली चकती कुठलंच सॉफ्टवेअर बरी करत नाही. खराब सेक्टरवर नव्याने काही लिहिलं की डिस्कच त्याच्या जागी राखीव सेक्टर जोडते. जुन्या सेक्टरमधला मजकूर जातो तो जातोच. शिवाय तासन्‌तास चालणाऱ्या असल्या ‘रिपेअर’मध्ये आधीच थकलेल्या हेडवर, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागावर, आणखी ताण येतो. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती चालूच करू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

पेनड्राइव्हवरून बूट करण्यात वाईट काही नाही. मीही तेच केलं, पण सिस्टमरेस्क्यू ही पेनड्राइव्हवरून चालणारी दुरुस्तीची सिस्टम वापरून. त्यातल्या डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने आधी सहज वाचता येणारा भाग नव्या डिस्कवर उतरवला, अडलेला भाग शेवटी. कुठपर्यंत कॉपी झाली याची नोंद असलेली मॅपफाइल ठेवली की काम मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. त्या कॉपीवर फोटोरेक हा गेलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवल्यावर लग्नाचे बरेचसे फोटो मिळाले, फाइलींची मूळ नावं मात्र गेली. दुकानदाराने विंडोज जिथे नव्याने टाकलं होतं तिथलं काहीच हाती लागलं नाही, त्यातच हिशेब होते. बाबा आता जुन्या पावत्या काढून ते पुन्हा लिहीत बसले आहेत.

डिस्क कुणाच्याही हातात देण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो काढून ठेवा, सीरियल नंबरसकट. ‘आधी कॉपी, विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही’ हे जॉब कार्डवर लिहून घ्या आणि पक्कं बिल मागा. आमच्याकडे फक्त व्हिजिटिंग कार्डामागे लिहिलेली रक्कम आहे. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. त्या काळ्या पट्टीचा स्क्रीनशॉटही जोडला आहे.