बिकिनी की मारालिंगा : परतण्याआधी मोजायचं काय?

अणुचाचण्या झालेल्या जागी पुन्हा राहायला जायचं म्हटलं की आधी बाहेरचा किरणोत्सार मोजणारा मीटर फिरवला जातो. आकडा कमी आला की सगळे निर्धास्त. बिकिनीत इथेच फसगत झाली.

मार्शल बेटांतल्या या कंकणद्वीपावर (कंकणाच्या आकाराच्या प्रवाळबेटावर) अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये २३ चाचण्या केल्या. १९६८ मध्ये 'आता परता' असं जाहीर झालं, काही कुटुंबं परतली, आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावं लागलं, कारण त्यांच्या अंगातलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य वाढत चाललं होतं. ते येत होतं जेवणातून. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी. त्याला भुकेलेली झाडं तशाच गुणाचं सीझियम ओढून घेतात आणि ते नारळात, केवड्याच्या जातीच्या फळांत उतरतं. बाहेरचा तांदूळ खाल्ला तर अंगाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा बरीच घटते, पण नारळाच्या बेटावर नारळ वर्ज्य, हे पाळणार कोण?

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगाचं दुखणं वेगळं. ब्रिटनने तिथे १९५६-५७ मध्ये सात अणुस्फोट केले, पण जास्त घाण केली ती नंतरच्या 'किरकोळ' प्रयोगांनी. टारानाकी भागात सुमारे २२ किलो प्लुटोनियम उधळलं गेलं. हे श्वासावाटे, धुळीबरोबर आत जातं. त्यामुळे तिथे जमिनीवर बसणं-झोपणं, शेकोटी, मातीत खेळणारी मुलं, हे सगळं हिशेबात धरावं लागलं. १९६७ मध्ये ब्रिटिशांनी ते नांगरून मातीत मिसळलं आणि पुढची सफाई आणखी अवघड करून ठेवली.

मग माती खरवडायची का? मारालिंगात हो. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच २४ हजार वर्षं लागतात. १९९५ ते २००० या काळात तिथली माती खरवडून पुरली आणि २००९ मध्ये बहुतेक जमीन मूळ रहिवाशांना परत मिळाली. काही पट्ट्यात मात्र शिकार चालते, कायमचा मुक्काम नाही.

बिकिनीत मी सरसकट खरवडायला नकोच म्हणेन. सीझियम तीस वर्षांत निम्मं होतं, आणि खरवडलं तर बेटावरची मूठभर सुपीक मातीही जाते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही पिकांच्या जमिनीला पोटॅशियमचं खत आणि फक्त घरांभोवतीची माती काढणं, हाच मार्ग सुचवला होता. खत मात्र पुन्हापुन्हा घालावं लागतं. तेव्हा त्याचे पैसे कोण देणार आणि परतलेल्यांच्या अंगातलं सीझियम दरवर्षी कोण मोजणार, हे बोटीत चढण्याआधी लिहून घ्यावं.