मराठी-कन्नड एकाच मॉनिटरवर: अक्षर ठसठशीत हवं की वळणदार?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीच्या दुकानात एकाच संगणकावर सकाळी मराठी लग्नपत्रिका जुळवायची असते आणि दुपारी कन्नड अर्ज. अशा ठिकाणी स्क्रीनवरचं अक्षर कसं उमटावं, हे संगणक विकणाऱ्यावर सोडून चालत नाही. दिवसभर प्रुफं वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न असतो, आणि दोन्ही लिप्यांची मागणी वेगळी आहे.

16 पिक्सेलच्या साध्या अक्षरात शिरोरेषेची जाडी साधारण सव्वा पिक्सेल भरते. सव्वा पिक्सेल तर रंगवता येत नाही. हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या रेघा पिक्सेलच्या चौकटीत नेमक्या बसवण्याची सोय, चालू असेल तर ती रेघ पिक्सेलच्या एका पूर्ण ओळीत बसवली जाते: काळी, सरळ, शब्दभर एकसारखी. बंद असेल तर एक ओळ गडद आणि शेजारची करडी उमटते, म्हणजे रेघेला सावली पडल्यासारखं दिसतं. मराठीत ही रेघ जवळजवळ प्रत्येक अक्षरावर आहे, त्यामुळे तासाभराच्या वाचनात फरक जाणवतोच.

कन्नडला अशी सलग रेघ नाही, तिथे सगळा कारभार गोलाईचा. पूर्ण हिंटिंग जुन्या पद्धतीने दोन्ही दिशांना अक्षर ओढतं, तेव्हा ही गोलाई चपटी होते. कन्नड द आणि ध यांत फरक तळाशी असलेल्या बारीकशा खुणेचा. लहान आकारात ती मिटली तर अर्जातलं नाव चुकायला वेळ लागत नाही. म्हणून फक्त मराठी बघून ‘पूर्ण’ निवडणं मला पटत नाही.

हिंटिंग अजिबात नको, ही मॅकची वाट. अक्षराचं वळण जसंच्या तसं राहतं, अक्षरांमधलं अंतरही छापील मजकुराच्या जवळ जातं. पत्रिकेची मांडणी जोखायला हे उत्तम. पण साध्या मॉनिटरवर अक्षर जाड आणि धूसर वाटतं.

दोन्ही लिप्या रोज हाताळणाऱ्याने लिनक्सवर ‘हलकं’ हिंटिंग घ्यावं. ते फक्त उभ्या दिशेने अक्षर सावरतं, आडव्या दिशेने हात लावत नाही. शिरोरेषा जागेवर बसते आणि कन्नडची वळणं बरीचशी टिकतात. विंडोजवर इतकी निवड मिळत नाही; तिथे क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा मऊ करणारी विंडोजची सोय, जुळवून घेणं एवढंच हातात असतं. जुन्या प्रोग्राममध्ये ते फक्त आडव्या दिशेने कडा मऊ करतं. विंडोज 7 पासून आलेल्या डायरेक्टराइटवर (अक्षरं रंगवण्याची विंडोजची नवी पद्धत) चालणारे प्रोग्राम उभ्या दिशेनेही करतात, म्हणून एकाच संगणकावर दोन खिडक्यांत तोच फॉन्ट वेगळा दिसतो. विंडोज 8 पासूनच्या निर्मला यूआय फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. मिश्र मजकुराला तो सोयीचा.

क्लिअरटाइपचा मराठीला खरा उपयोग भलत्याच ठिकाणी होतो. भ आणि म, ध आणि घ यांना वेगळं करणाऱ्या गोष्टींत शिरोरेषेतली छोटी फट महत्त्वाची. ही फट आडव्या दिशेची, आणि क्लिअरटाइप पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे भाग वेगवेगळे वापरून त्याच दिशेला जास्त बारकावा देतं. शिरोरेषेच्या धूसरपणावर मात्र त्याचा इलाज नाही. शिवाय प्रुफाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि गिऱ्हाइकाने मोठा करून बघितला, की अक्षरांना रंगीत कडा दिसतात. असं प्रूफ पीडीएफमध्येच पाठवावं. ॲपलने 2018 च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर ही रंगीत पद्धत मुळात बंदच ठेवली आहे.

हातात पैसे असतील तर सेटिंगपेक्षा मॉनिटरवर घालावेत. 18.5 इंची, 1366 बाय 768 च्या मॉनिटरवर इंचाला सुमारे 85 ठिपके (पिक्सेल) पडतात. 24 इंची फुल एचडीवर सुमारे 92, म्हणजे आकार वाढला तरी अक्षर फारसं सुधारत नाही. 21.5 इंची फुल एचडीवर ते 102 होतात. 24 इंची फोर-केवर 184 च्या आसपास, आणि तिथे हिंटिंग चालू आहे की बंद हे ओळखणंही कठीण जातं.

घेण्याआधी दुकानातच ‘सर्वांमध्ये’, ‘भात’, ‘धान्य’ हे शब्द आणि कन्नड द, ध, ड, ढ 16 पिक्सेलला टाइप करून बघा. ‘सर्वां’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत असतील, तर तो मॉनिटर परत ठेवायला सांगा.